हाताची भूल आणि तीत मिसळावयाची औषधे

(आरोग्य शिबिरात पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे दिलेले भाषण)



कडबाकुट्टीच्या यंत्रात हात सापडला, रसवंतीच्या चरकात बोटे गेली, किंवा पावसाळ्यात बांधावरून घसरून मनगटाजवळचे हाड मोडले, की जखमीला घेऊन रुग्णालयात धावणाऱ्यांत आपण असता. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी नातेवाईक सरपंचांच्या नाहीतर गुरुजींच्या तोंडाकडे पाहतात. डॉक्टर सांगतात, ‘पूर्ण भूल द्यावयाची नाही, फक्त हात बधिर करू.’ सर्वांना हायसे वाटते आणि सही होते. त्या सुईतून नेमके काय जाते, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. मी वैद्यक शिकलेलो नाही, कलाशाखेचा पदवीधर आहे. भूलतज्ज्ञांना विचारून आणि वाचून जे उमगले, तेच आपल्यापुढे ठेवीत आहे.

हाताकडे जाणारे मज्जातंतू मानेतील मणक्यांपासून निघतात, एकमेकांत गुंफले जातात आणि गळ्याखालच्या आडव्या हाडामागून काखेत उतरतात. या जाळ्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. त्याच्याभोवती बधिर करणारे औषध सोडले, की मेंदूकडे जाणारी वेदनेची वार्ता वाटेतच थांबते. रुग्ण जागा असतो, त्याचा श्वास त्याच्याच स्वाधीन असतो. पोटभर जेवलेल्या, दम्याच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णाला याचा मोठाच लाभ होतो. अलीकडे अल्ट्रासाऊंडच्या पडद्यावर तंतू व रक्तवाहिन्या पाहत सुई पुढे नेता येते, त्यामुळे ही पद्धत पूर्वीपेक्षा पुष्कळ सुरक्षित झाली आहे.

औषधात औषध मिसळण्याची कल्पना आजची नव्हे. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखविला. त्यानंतर लवकरच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हाल्स्टेड यांनी मज्जातंतूंनाच कोकेन टोचण्याचे प्रयोग आरंभिले. त्यांनी ते स्वतःवरही केले आणि त्यात कोकेनचे व्यसन जडवून घेतले. कोकेनची अडचण अशी, की ते रक्तात लवकर मिसळे, परिणाम ओसरे आणि विषबाधेचा धोका राही. १९०३ साली जर्मन शल्यविशारद हाइन्रिख ब्राउन यांनी त्यात अ‍ॅड्रेनॅलिन मिसळले. अ‍ॅड्रेनॅलिनने आसपासच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि औषध जागच्या जागी अधिक वेळ थांबते. दंडाला आवळपट्टी बांधल्यासारखाच हा प्रकार, फक्त तो रसायनाने साधलेला. पुढे १९११ मध्ये कुलेनकाम्फ यांनी गळ्याखालच्या हाडावरून सुई देण्याची रीत स्वतःच्या अंगावर पारखून पाहिली.

अ‍ॅड्रेनॅलिन आजही वापरले जाते, साधारणपणे दोन लाखांत एक भाग इतक्या अल्प प्रमाणात. त्याचा आणखी एक उपयोग मला फार समर्पक वाटतो. सुई चुकून रक्तवाहिनीत गेली असेल, तर अ‍ॅड्रेनॅलिनमुळे नाडी एकदम जलद होते आणि भूलतज्ज्ञ पुढचे औषध सोडण्यापूर्वीच सावध होतो. मिसळलेले औषध येथे पहारेकऱ्याचे काम करते.

कोकेनची जागा पुढे अधिक सुरक्षित औषधांनी घेतली. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेले लिग्नोकेन लवकर चढते, पण काही तासांतच उतरते. १९५७ मध्ये तयार झालेले ब्युपिव्हाकेन सावकाश चढते आणि पुष्कळ अधिक काळ टिकते. परंतु ते मोठ्या मात्रेने रक्तात गेल्यास हृदयाला धोका पोहोचवते, आणि हा धोका १९७९ नंतर विशेष चर्चेत आला. म्हणजे परिणाम लांबवावयाचा म्हणून मूळ औषधाची मात्रा हवी तितकी वाढविता येत नाही. दुसरे औषध मिसळण्याचा विचार यातूनच बळावला.

आता प्रश्न रात्रीचा. दुपारी चारला शस्त्रक्रिया झाली, रुग्ण हसतखेळत वॉर्डात आला, नातेवाईक निर्धास्त झोपले, आणि मध्यरात्रीनंतर भूल उतरली. वेदना हळूहळू येत नाही, एकदम उसळते. ज्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ एकच असतो आणि रात्री एका परिचारिकेकडे सारा वॉर्ड असतो, तेथे ही वेळ पहाटेपर्यंत ढकलता आली, तर रुग्णाचे हाल वाचतात. मिसळावयाच्या औषधांचा खरा हेतू हाच आहे.

अशी औषधे अनेक आहेत. रक्तदाबावरील क्लोनिडीन मिसळल्याने वेदनामुक्तीचा काळ सुमारे दोन तासांनी वाढतो. पण रक्तदाब उतरणे, नाडी मंदावणे, गुंगी येणे हेही त्यासोबत येते. त्याच्याच कुळातील डेक्समेडिटोमिडीन अधिक प्रभावी आहे, तथापि नाडी मंदावण्याकडे लक्ष ठेवावे लागते. ब्युप्रेनॉर्फिन हे अफूच्या जातीचे. त्याने परिणाम लांबतो, परंतु मळमळ व उलटीचा त्रास वाढतो. मिडॅझोलॅमसारखी काही औषधे मज्जातंतूंना अपाय करतील, अशी शंका प्रयोगशाळेतील निरीक्षणांवरून घेतली जाते. ती या कामी न वापरलेलीच बरी.

सर्वांत अधिक बोलबाला आहे डेक्सामेथासोनचा. दम्यावर, सुजेवर दिले जाणारे हे स्टेरॉइड स्वस्त आहे आणि बहुतेक रुग्णालयांत उपलब्ध असते. हाताच्या शस्त्रक्रियांतील चाचण्यांचा जो आढावा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केला, त्यात ते मज्जातंतूभोवती दिल्यास बधिरता सरासरी ६.७ तासांनी वाढल्याचे आढळले. आणि हेच औषध सुईत न मिसळता नेहमीप्रमाणे शिरेतून दिले तर? तरीही सरासरी ६.२ तासांची वाढ दिसली. दोहोंची प्रत्यक्ष तुलना करणाऱ्या चाचण्यांत मज्जातंतूभोवती देण्याचा लाभ सुमारे तीन तासांनी अधिक भरला.

या आकड्यांवर थोडे थांबावयास हवे. डेक्सामेथासोनच्या कुपीसोबतच्या माहितीपत्रकात ते मज्जातंतूभोवती सोडण्याचा उल्लेख नसतो. रोपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधात ते मिसळल्यास सूक्ष्म स्फटिक तयार होतात, असेही दिसून आले आहे. काही कुप्यांतील टिकाऊपणासाठी घातलेली द्रव्ये मज्जातंतूजवळ नकोत, अशीही काळजी तज्ज्ञ घेतात. शिरेतून देऊन बराचसा लाभ पदरात पडत असेल, तर पुष्कळ भूलतज्ज्ञ तोच मार्ग पत्करतात, आणि माझ्यासारख्या सामान्य माणसालाही ते पटते. मधुमेही रुग्णाची साखर मात्र कोणत्याही मार्गाने दिले तरी तात्पुरती वाढू शकते. म्हणून मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा आणि चालू गोळ्या यांची माहिती सोबतच्या मंडळींनी न विचारताही सांगावी. गोळ्यांची पाकिटेच पिशवीत घेऊन जावीत, हे अधिक सोपे.

भूल जितकी लांब तितकी चांगली, असा समज मात्र होऊ देऊ नये. यंत्रात चिरडलेल्या किंवा मोडलेल्या हाताच्या बाबतीत तर मुळीच नव्हे. अशा हातात कोपराखालचे स्नायू बंद कप्प्यात सुजतात, आतला दाब वाढतो आणि रक्तपुरवठा तुटू लागतो. काही तासांत तो कप्पा चिरून मोकळा केला नाही, तर स्नायू मरतात व हात कायमचा आखडतो. याची पहिली खूण असते प्रमाणाबाहेरची वेदना, आणि पूर्ण बधिर हात ती कळवूच शकत नाही. म्हणून जेथे असा धोका संभवतो, तेथे भूल थोड्या काळाची ठेवावी की लांबवावी, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी व भूलतज्ज्ञांनी आधी मिळून ठरवावयाचे असते. हात कसा चिरडला, यंत्रात किती वेळ अडकला होता, हे पाहणारे आपणच असता. ते नीट सांगितले, तर त्यांचा निर्णय सोपा होतो.

वॉर्डात बसणाऱ्या माणसाचे काम यातूनच ठरते. बोटे निळसर वा पांढरी पडणे, गार लागणे, प्लास्टरखाली हात दगडासारखा टणक होणे, बोट सरळ करताना कळ येणे, यांपैकी काहीही दिसले तर ‘भूल आहे, उतरेल’ असे म्हणून सकाळची वाट पाहू नये, परिचारिकेला त्याच क्षणी बोलवावे. बधिर हात रुग्णाला आपला वाटत नाही. तो खाटेच्या कडेला लोंबकळतो, अंगाखाली दबतो, गरम चहाच्या पेल्याला टेकला तरी कळत नाही. तो झोळीत, उशीवर उंच ठेवावा आणि शेकू तर मुळीच नये. भूल पुरती उतरण्याआधीच डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी घ्यावी लागते. म्हणून रुग्ण झोपला असेल तर त्यासाठी त्याला उठवावे.

संमतीपत्रावर सही करताना तीन गोष्टी विचारण्यास संकोच नसावा: कोणते औषध मिसळणार, हात सुमारे किती वाजेपर्यंत बधिर राहील, आणि अडचण आल्यास रात्री कोणाला बोलवावयाचे. उत्तरे केसपेपरवर लिहून घ्यावीत. पहाटे ड्यूटी बदलल्यावर नव्या परिचारिकेला तीच उपयोगी पडतात. सांगितलेली वेळ उलटून दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंतही बोटांत जाणीव आली नाही, तर रुग्ण घरी आला असला तरी त्याला परत न्यावे. अशी लांबलेली बधिरता बहुधा काही दिवसांत वा आठवड्यांत ओसरते. पण ती औषधाची, सुईची, आवळपट्टीची की मूळ जखमेची, हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही, आणि तपासणी जितकी लवकर होईल तितका उपचारास अवसर अधिक राहतो.