कुंडलिकेचं पाणी आणि चाचणीतले मासे



कुंडलिका सह्याद्रीतून उतरते, कोलाड-रोहा ओलांडते आणि चौल-रेवदंड्याच्या खाडीतून समुद्राला मिळते. वाटेत धाटावची रासायनिक वसाहत लागते. आग्राव, रेवदंड्याचे कोळी याच खाडीत जाळी टाकतात; चौलच्या घरांत शिजणारी बोई, जिताडा, चिंबोरी इथलीच. म्हणून कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या विषाची तपासणी कडकच हवी.

ती होते कशी? १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांतल्या सर्वसाधारण मानकांत एक अट आहे. निव्वळ सांडपाण्यात मासे ९६ तास ठेवायचे. त्यातले ९० टक्के जगले पाहिजेत. नव्या रसायनासाठी ‘ओईसीडी’ या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०३ क्रमांकाची चाचणी असते. रसायनाच्या पाच तीव्रता, प्रत्येकीत किमान सात मासे, शिवाय साध्या पाण्यातले सात. म्हणजे एका चाचणीला किमान ४२ मासे! निम्मे मासे कोणत्या तीव्रतेला मरतात, तो आकडा काढायचा असतो.

हा आकडा आता झेब्राफिशच्या अंड्यांवरूनही काढता येतो. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या या इवल्या माशाचं अंडं पारदर्शक असतं. सूक्ष्मदर्शकाखाली दुसऱ्याच दिवशी आतलं हृदय धडधडताना दिसतं. तज्ज्ञ रोज चार गोष्टी पाहतात: अंडं गोठलं का, शरीराचे खंड पडले का, शेपूट बलकापासून सुटलं का, हृदय चालू आहे का. ‘ओईसीडी’ने ही चाचणी २०१३ मध्ये स्वीकारली. जर्मनीत तर २००५ पासून सांडपाण्यासाठी माशांऐवजी अंडीच वापरतात.

२०२१ मध्ये आणखी एक पाऊल पडलं. रेनबो ट्राउटच्या कल्ल्यातल्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरची चाचणी मान्य झाली. तिला २४ तास पुरतात आणि एकही मासा लागत नाही.

अर्थात, मज्जासंस्थेवर घाला घालणारी काही रसायनं अंड्यांवर तितकी परिणाम करत नाहीत. तिथे अंड्यांची चाचणी एकटी पुरत नाही. म्हणून आधी शेवाळ, पाणपिसू, अंडी आणि पेशी यांवर पाहावं. शंका उरली, तरच माशांकडे वळावं.

आपल्याकडे याची तयारी करता येईल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत झेब्राफिशवर काम चालतं. धाटावसारख्या वसाहतीच्या सांडपाण्यावर काही काळ मासे आणि अंडी अशा दोन्ही चाचण्या शेजारी-शेजारी घ्याव्यात. आपल्या पाण्यात अंड्यांची चाचणी कितपत भरवशाची, हे त्यातून कळेल आणि १९८६ च्या नियमांतली ती अट बदलायला आधार मिळेल.