एकदा वाकून दाखव



मी याच शाळेची विद्यार्थिनी. आठवीत असताना याच मैदानावर कवायतीच्या रांगेत उभी असायचे आणि रोज एकच वाक्य ऐकायचे, "ए, नीट उभार की गं, खांदा खाली घे!" मी खांदा खाली घ्यायचे. दोन मिनिटांत तो परत वर. मला वाटायचं, मीच ढिली आहे, मलाच शिस्त नाही.

खरं काय ते एकाच माणसाला कळलं होतं, आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांना. माझा कुडता शिवताना ते उजव्या खांद्याला अर्धा इंच कापड जास्त सोडायचे आणि खालचा घेर एका बाजूनं दुमडून घ्यायचे, म्हणजे अंगात घातल्यावर तो सरळ दिसावा. कुणाला एका शब्दानं बोलले नाहीत. पोरीच्या जातीला नाव नको, म्हणून मायेनंच केलं त्यांनी. पण त्या मायेनं माझी पाठ वीस-बावीस वर्षं झाकून ठेवली.

पुढे मी तलाठी झाले. एका वर्षी ऐन हरभऱ्यात गारपीट झाली. पंचनाम्यासाठी दिवसभर बांधाबांधानं फिरले आणि संध्याकाळी मला गाडीतून उतरता येईना. पाठ धरलेली, दम लागलेला. लातूरला डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मशीन लावलं नाही, सुई टोचली नाही. म्हणाले, "पाय जुळवा, गुडघे ताठ ठेवा, हात जोडा आणि एकदा वाकून दाखवा." मी वाकले. सोबत आलेली माझी बहीण मागे उभी होती. ती "अगं माय!" म्हणाली आणि गप्प झाली. माझ्या पाठीची उजवी बाजू वरंब्यासारखी वर आली होती आणि डावी सरीसारखी खाली गेली होती. चौतीस वर्षांत ती कुणी पाहिलीच नव्हती.

या आजाराला स्कोलिओसिस म्हणतात. कणा नुसता बाजूला झुकत नाही, तो स्वतःभोवती पीळही घेतो, म्हणून बरगड्या एका बाजूनं वर येतात. वाकून बघायची ही रीत विल्यम ॲडम्स या इंग्रज सर्जननं १८६५ साली सांगितली. तिला आजही एक पैसा लागत नाही. दहा ते सोळा वर्षांच्या वयात, अंग झपाट्यानं वाढतं तेव्हा, हा बाक वाढतो. मोठा बाक मुलींमध्ये जास्त दिसतो. शंभरातल्या दोन-तीन लेकरांना तो कमी-जास्त असतो, आणि बहुतेकांना काहीही करावं लागत नाही. दप्तराच्या ओझ्यानं तो होत नाही, पोक काढून बसल्यानं होत नाही, ग्रहणानंही होत नाही. दहातल्या आठ जणांत कारण सापडतच नाही. म्हणून आयांनो, स्वतःला दोष देऊ नका. माझ्या आईनं दिला, आणि तिचं ते रडणं मला पुढे झालेल्या ऑपरेशनपेक्षा जड गेलं.

वाढ चालू असताना पंचवीस ते चाळीस अंशांचा बाक सापडला, तर पट्टा बांधून तो बऱ्याच मुलांत तिथेच थांबवता येतो. वाढ थांबल्यावर पट्ट्याची ती संधी जाते. पन्नास अंशांच्या पुढे गेलेला बाक मात्र मोठेपणीही थांबत नाही, वर्षाला जवळजवळ एक अंश सरकत राहतो. माझा एक्स-रे निघाला तेव्हा बासष्ट होता.

दोन वर्षं मी टाळलं. छत्तिसाव्या वर्षी ऑपरेशन झालं. मानेच्या खालपासून कमरेपर्यंत पाठ उघडून मणक्यांत स्क्रू बसवले, त्यांना दोन सळ्या जोडल्या आणि मणके एकमेकांशी सांधावेत म्हणून मध्ये हाडाचा चुरा भरला. साठ वर्षांपूर्वी अशा रोग्यांना महिनोन्‌महिने प्लॅस्टरमध्ये ठेवायचे. मला दुसऱ्या दिवशी उभं केलं. उभी राहिले आणि वाटलं, मी डावीकडे कलंडतेय. फिजिओथेरपिस्ट ताई म्हणाल्या, "आत्ता तुम्ही सरळ आहात. तुमच्या मेंदूला वाकड्याची सवय झालीय." स्वतःचं सरळपण तिरकं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

ऑपरेशनला एक दिवस लागला, बरं व्हायला वर्ष लागलं. त्या वर्षाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, कंबर पिळायची नाही. आपल्याकडच्या बाईचा दिवस आठवून बघा. खुरपायला वाक, शेण काढायला वाक, चूल फुंकायला वाक, हंडा उचलायला वाक, थोरांच्या पाया पडायला वाक. माझ्याकडून हे सगळं एका दिवसात गेलं. कुशीवर वळायचं तर ओंडका गडगडतो तसं, खांदा आणि कंबर एकदम. संडासाला खाली बसता येईना, म्हणून भावानं कमोडची खुर्ची आणली. वेदनेच्या गोळ्यांनी पोट साफ होईना, तोंडाची चव गेली. सहाव्या आठवड्यात एक दिवस हातातून कंगवा पडला. तो मला उचलता येत नव्हता आणि घरात कुणी नव्हतं. मी भिंतीला टेकून त्या कंगव्याकडे बघत तासभर रडले.

सासूबाई शेतातून आल्या. त्यांनी कंगवा उचलला, मला स्टुलावर बसवलं आणि केस विंचरायला घेतले. म्हणाल्या, "बारा वर्षं तू माझ्या पाया पडलीस, आता मी तुझ्या पायात चपला घालते. त्यात काय बिघडलं?" आणि पुढचे चार महिने त्यांनी खरंच घातल्या. लोकांनी आपलं करावं आणि आपण ते करू द्यावं, हे मला चालण्यापेक्षा अवघड गेलं.

चालणं हेच औषध होतं. पहिल्या आठवड्यात दारापासून लिंबापर्यंत, मग मारुतीच्या पारापर्यंत, तिसऱ्या महिन्यात गावाच्या कमानीपर्यंत. वाटेत बायका विचारायच्या, "लोखंड घातलंय म्हणं, पावसाळ्यात गंजंल का? वीज पडंल का?" आपल्या मराठवाड्यात दरवर्षी वीज पडून माणसं जातात, तेव्हा भीती खोटी नाही. पण माझ्या सळ्या टायटॅनियमच्या आहेत; हा धातू शरीरात गंजत नाही आणि वीज ओढून घेत नाही. विजेपासून सगळ्यांनी जपायचं तेवढंच मीही जपते.

मी पूर्वीसारखी झाले, असं सांगणार नाही. सांधलेले मणके आता कधीच वाकणार नाहीत. मी गुडघ्यातून आणि खुब्यातून वाकते. जखमेच्या कडेची कातडी अजून बधिर आहे, थंडीत पाठ आखडते. लहान वयात कणा लवचीक असतो, तो लवकर वळतो आणि लवकर सावरतो. माझ्या वयाला जास्त किंमत मोजावी लागली.

इंग्लंडची राजकन्या युजिनी हिचं हेच ऑपरेशन २००२ साली, बाराव्या वर्षी झालं. २०१८ साली तिचं लग्न झालं, तेव्हा तिनं पाठीवरचा व्रण दिसावा म्हणून मुद्दाम मागून उघडा पोशाख शिवून घेतला. तो फोटो मी शिंपीकाकांना दाखवला. ते आता थकलेत, चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिला. मग माझ्या ब्लाउजचं माप घेतलं, परत घेतलं आणि म्हणाले, "दोन्ही खांदे सारखेच भरतायत गं." त्यांचे डोळे भरले होते.

उपचार फक्त मुंबई-पुण्यातच मिळतात, असं समजून घरी बसू नका. मुंबईच्या डॉ. शेखर भोजराज यांनी १९९८ साली स्पाइन फाउंडेशन सुरू केलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या ‘सर्च’ या संस्थेत जाऊन भोजराज यांचे सहकारी मणक्याची ऑपरेशनं करतात. गडचिरोलीत होतं, तर आपण लातूरवाल्यांनी विचारायला का लाजायचं? २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक दरवर्षी सरकारी शाळेत येतं. वजन-उंची होते, डोळे-दात होतात. त्यांना सांगा, पाठही बघा.

मुख्याध्यापक सरांना मी आधीच विनंती केली होती आणि त्यांनी मान दिला. पथकातल्या डॉक्टर मॅडम आज इथे आल्या आहेत. कार्यक्रमातला पुढचा नाच झाला की त्या आणि आपल्या बाई कोपऱ्यातल्या वर्गात बसतील. सहावी ते दहावीच्या ज्या मुलींना यायचंय त्यांनी एकेकीनं जायचं. मुलांसाठी उद्या सकाळी, प्रार्थनेनंतर. अर्धा मिनिट वाकायचं, बस. दार आतून लावलेलं असेल. आई आली असेल तर तिलाही सोबत घ्या.