मारिओ, सॉनिक आणि तांबडी माती

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गारगोटीच्या एका निवृत्त क्रीडाशिक्षकाने व्हिडिओ गेमवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. उभी हयात पोरांना मैदानावर पिटाळण्यात घालवली आणि आता हा माणूस त्यांना टीव्हीपुढे बसवायला निघाला की काय? तसे नाही. पण अशा एका खेळाने मला विचारात पाडले. तो विचार आपल्या मातीशी जोडलेला आहे, म्हणून तुमच्यापुढे मांडतो.

या खेळाचे नाव 'मारिओ अँड सॉनिक ॲट द ऑलिम्पिक गेम्स'. बीजिंग ऑलिम्पिकच्या तोंडावर, २००७ साली तो बाजारात आला. मारिओ तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीचा असेल. लाल टोपी आणि जाड मिशांचा हा नळकारागीर निन्टेंडो या जपानी कंपनीचा. ही कंपनी १८८९ साली क्योटो शहरात सुरू झाली ती पत्ते तयार करण्यासाठी! टीव्हीला जोडायच्या स्वस्त यंत्रांमुळे नव्वदच्या दशकात मारिओ आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला. दुसरा सॉनिक. साळिंदराचा धाकटा भाऊ वाटावा असा काटेरी, निळा आणि वाऱ्यासारखा पळणारा. सेगा कंपनीने १९९१ मध्ये त्याला आणले ते मारिओला टक्कर द्यायलाच.

दोन्ही घराण्यांचे वैर साधेसुधे नव्हते. अमेरिकेतल्या जाहिरातींत सेगा निन्टेंडोला नाव घेऊन टोमणे मारत असे. तिथल्या शाळकरी पोरांतही मारिओवाले आणि सॉनिकवाले असे तट पडले होते. पुढे २००१ साली सेगाने स्वतःची खेळयंत्रे बनवणे थांबवले आणि सॉनिक चक्क निन्टेंडोच्या यंत्रांवर खेळू लागला. पण दोघे एकाच खेळात समोरासमोर आले ते २००७ मध्येच, आणि तेही ऑलिम्पिकच्या मैदानावर.

मला महत्त्वाचे वाटते ते हेच. ना मारिओचे राज्य, ना सॉनिकचे. मैदान तिसऱ्याचे आणि नियम दोघांना सारखे. दोन्हीकडचे आठ-आठ, असे सोळा खेळाडू. त्यात दोन्ही घराण्यांचे खलनायकसुद्धा आहेत. एरवी राजकन्या पळवणारा बाउझर आणि जग जिंकायला निघालेला डॉक्टर एगमन इथे पंचाच्या इशाऱ्याची वाट पाहत मुकाट्याने रेषेवर उभे राहतात!

कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायला नको. आपल्याकडचा फुटबॉल पाहा. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार अशा संघांचा सामना शाहू स्टेडियमवर असला की पेठापेठांतून ईर्ष्या उसळते. आणि त्याच संघांतली पोरे कोल्हापूरसाठी खेळायची वेळ आली की एका रंगाचा शर्ट घालतात. कुस्तीतही तेच. सलामी झडते, चिमूटभर तांबडी माती एकमेकांच्या अंगाला लागते आणि मग झुंज. चितपट झालेला पैलवान उठतो आणि जिंकणाऱ्याचा हात हातात घेतो. प्रतिस्पर्धी म्हणजे शत्रू नव्हे. तो नसेल तर आपली ताकद आपल्याला कळणार कशी?

हा खेळ मी पाहिला २००९ च्या उन्हाळ्यात. परदेशी राहणारा माझा पुतण्या सुट्टीला गारगोटीला आला होता, त्याच्या मुलांनी तो आणला होता. त्या यंत्राची गंमत अशी, की नुसते बोटाने बटण दाबून भागत नाही. शंभर मीटर पळायचे तर दोन हातांत दोन दांडके धरून ते भराभर खालीवर हलवायचे. ज्याचे हात जास्त वेगाने चालतील त्याचा गडी पुढे. भारनियमन संपून वीज आली की आमच्या सोप्यात गल्लीतली दहा-बारा पोरे जमत. चौघे खेळत, बाकीचे ओरडत.

"आजोबा, तुम्हीपण हात हलवा की!" म्हणून नातवाने मलाही उभे केले. मी मारिओ, तो सॉनिक. जगातला सर्वांत वेगवान प्राणी म्हणून मिरवणारा सॉनिक माझ्या मारिओच्या मागे राहिला. आयुष्यभर जोर मारलेले हात कामी आले! पण मला जास्त आवडले ते पोरांचे वागणे. हरलेला पोरगा दांडके पुढच्याच्या हातात देत होता, आणि "तू रडीचा डाव खेळलास" असे भांडण झालेच तर ते तिथेच, समोरासमोर मिटत होते. परदेशातल्या मुलांना आमच्या गल्लीतल्या पोरांची नावे तोंडपाठ झाली ती त्या आठवड्यात.

मात्र पडद्यावरच्या पदकाची एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. ते पाच मिनिटांत मिळते. त्या खेळात नेमबाजीही आहे. साधारण त्याच सुमारास, २००९ मध्ये, आमच्या शेजारच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला होता. गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून नेम धरायच्या ५० मीटर रायफल प्रकारात त्याला ऑलिम्पिकचे कांस्यपदक मिळाले ते १ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिस ऑलिम्पिकमध्ये. मध्ये पंधरा वर्षे गेली. त्याआधी महाराष्ट्राला वैयक्तिक पदक मिळवून दिले होते खाशाबा जाधवांनी, १९५२ साली हेलसिंकीत. म्हणजे दोन पदकांमध्ये बहात्तर वर्षांचे अंतर. इतका धीर कोणतेही यंत्र शिकवू शकत नाही. तो मैदानावरच शिकावा लागतो.

या मालिकेचे पुढे व्हँकुव्हर, लंडन, सोची, रिओ आणि टोकियो ऑलिम्पिकच्या निमित्ताने आणखी पाच खेळ आले. शेवटचा २०१९ मध्ये. पॅरिस ऑलिम्पिकला मात्र मारिओ आणि सॉनिक दिसले नाहीत. त्याची हळहळ मला नाही. काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आज गारगोटीच्या कट्ट्यावर चार पोरे एका ओळीत बसलेली दिसतात, आणि चौघांच्या माना चार मोबाइलमध्ये. त्यांचा प्रतिस्पर्धी कुठल्या तरी अनोळखी गावात असतो. त्याचा चेहरा दिसत नाही, हरल्यावर त्याचा हात हातात घेता येत नाही. जिंकल्यावर पाठीवर थाप मारायलाही कोणी नसते.

म्हणून आईबापांना माझे एक सांगणे आहे. "मोबाइल ठेव" एवढेच म्हणून थांबू नका. "आज कोणाबरोबर खेळलास?" असेही विचारा. या प्रश्नाला मुलाने एखाद्या मित्राचे नाव सांगितले तर तो कॅरम खेळला, विटीदांडू खेळला की टीव्हीवरचा खेळ, याची फार चिंता करू नका. नाव सांगता आले नाही तर मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा हात धरा आणि मैदानाकडे चला. तिथे त्याला पहिला प्रतिस्पर्धी मिळेल आणि बहुधा पहिला मित्रही तोच असेल.