निवड चाचणीची नोटीस धडगावला कधी पोहोचते?



जिल्ह्याच्या क्रीडा अधिवेशनात अध्यक्षाने मैदाने, मॅट आणि अनुदान मागायचे, असा प्रघात आहे. त्या मागण्या रास्तच आहेत. मला मात्र आज आपल्या कपाटातल्या कागदांविषयी बोलायचे आहे: सभासद नोंदवही, इतिवृत्त, जमाखर्च आणि निवड चाचणीची नोटीस. हे कागद नीट नसले की खेळाडूचा घाम वाया जातो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे.

नोव्हेंबर 2023 मध्ये एकाच महिन्यात राज्याला दोन ‘महाराष्ट्र केसरी’ मिळाले. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख विजयी झाला, तर काही दिवसांतच धाराशिवला शिवराज राक्षे. दोघेही अस्सल मल्ल, दोघांची मेहनत खरी. पण राज्याची कुस्ती संघटना कोणाची, हा वाद मिटलेला नव्हता, म्हणून 1961 पासून चालत आलेल्या किताबाचे दोन आखाडे झाले. आपली नेमकी गदा कोणती, हे मल्लाने सांगत फिरायचे?

कबड्डीचेही तेच. जनार्दनसिंह गेहलोत यांनी जवळजवळ तीन दशके राष्ट्रीय महासंघ चालवला. हा खेळ आशियाई स्पर्धेत नेण्यात त्यांचा मोठा वाटा होता आणि तो मान्य केलाच पाहिजे. पण पुढे अध्यक्षपद त्यांच्या पत्नीकडे गेले आणि ते स्वतः तहहयात अध्यक्ष झाले. ऑगस्ट 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही व्यवस्था मोडीत काढून प्रशासक नेमला. कर्तबगार माणसालाही मुदत हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि खुर्ची घरात वारसाने जाता कामा नये.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. 1998 मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला हा आदिवासीबहुल नंदुरबार जिल्हा. सातपुड्यातली मुले डोंगर चढून-उतरून शाळेत जातात. दम आणि चपळाई त्यांना अंगचीच असते. या मुलांसाठी क्रीडा प्रमाणपत्र भिंतीवर लावायची वस्तू नाही. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण त्यावर मिळतात आणि शासकीय नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणाचा दरवाजा त्यानेच उघडतो. पण पडताळणीत पहिला प्रश्न येतो, स्पर्धा घेणारी संघटना अधिकृत होती का? राज्यात बोगस प्रमाणपत्रे उघडकीस आली, तेव्हापासून ही तपासणी कडक झाली आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र संघटनेत दोन गट पडले, दोघांचे पदाधिकारी बदलाचे अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात वादात अडकले, की प्रामाणिकपणे खेळलेल्या मुलीचे प्रमाणपत्रही संशयात सापडते. भांडण पदाधिकाऱ्यांचे, आणि भरती चुकते तिची.

आणि ती नोटीस. चाचणी रविवारी सकाळी आठला नंदुरबारला, निरोप शुक्रवारी संध्याकाळी व्हॉट्सॲप गटावर. धडगाव, मोलगीच्या आसपासच्या कितीतरी पाड्यांवर मोबाइलला रेंज नसते. निरोप मिळालाच तर रात्रीतून एसटी कोणती? पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली तर? मुलगी पोहोचते तेव्हा यादी तयार असते. कोणी पैसे खाल्लेले नसतात, कोणी वशिला लावलेला नसतो, तरी अन्याय झालेला असतो. बहुतेक गैरकारभार असाच असतो: आळसाचा, सवयीचा, ‘आपल्यातच ठरवून टाकू’ या वृत्तीचा. त्यावर ओरड होत नाही, म्हणून तो मला अधिक घातक वाटतो.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यानुसार राष्ट्रीय महासंघाच्या कार्यकारिणीत जास्तीत जास्त 15 सदस्य, त्यांत किमान चार महिला आणि किमान दोन नामवंत खेळाडू असावे लागतात. वाद सोडवायला न्यायाधिकरणाची तरतूद आहे. दिल्लीतला कायदा तळोदा-अक्कलकुव्यापर्यंत उतरायला वेळ लागेल, पण आपल्याला थांबायचे कारण काय? आपल्या जिल्हा संघटनांच्या बैठकांत महिला किती असतात? भिल्ल, पावरा, मावची, कोकणी समाजाची मुले मैदानावर आहेत. त्यांतली किती जण पुढे कार्यकारिणीत येतात? ज्याने अनवाणी धावून पदक आणले, त्याला निवड समितीत बसवा. मुलांची अडचण त्याला समजावून सांगावी लागणार नाही.

काही पदाधिकारी म्हणतात, आम्ही पदरमोड करून संघटना चालवतो, वर हिशेब कसला मागता? त्यांच्या त्यागाबद्दल मला आदर आहे. पण पदरमोडीचीही पावती ठेवा. प्रवेश शुल्क पोरांनी, त्यांच्या शेतमजूर आईबापांनी दिलेले असते. त्याचा हिशेब मागण्याचा हक्क त्यांचा आहे.

म्हणून उपस्थित अध्यक्ष आणि सरचिटणीसांना माझी विनंती आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत तीन ठराव करा. चाचणीची नोटीस किमान पंधरा दिवस आधी प्रत्येक आश्रमशाळेत लेखी पोहोचेल. निवड यादी गुणांसह त्याच दिवशी मैदानावर लागेल. आणि वर्षाचा जमाखर्च खेळाडूंसमोर वाचला जाईल. यासाठी अनुदान लागत नाही, मंत्रालयाची परवानगी लागत नाही. या हंगामाच्या पहिल्या चाचणीपासून सुरुवात करा.