शेवटचे चार शुक्रवार

(बचत गटांच्या कार्यक्रमात सामुदायिक रेडिओवर झालेले भाषण)

गेल्या वेळी आम्ही पोह्याच्या पापडांच्या विक्रीबद्दल बोललो होतो. आज हिशेब मांडायचाच आहे, पण तो पैशांचा नाही, दिवसांचा आहे. त्यात आमची एक चूकही आहे. ती लपवायची नाही, असं बैठकीत सर्वांनी ठरवलं, म्हणून सांगतो आहोत.

आपल्या रायगडात परदेश ही काही नवलाई नाही. रोहा, म्हसळा, श्रीवर्धन, महाड, कुठल्याही गावात जा, दहा घरांमागे एखादा माणूस तरी आखातात असतो. दुबई, कुवेत, मस्कत ही नावं आपल्या पोरांना पनवेल-ठाण्याइतकी तोंडपाठ. पण जातात ते बहुतेक पुरुष. बाई गेली तर लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला अमेरिकेला जाते, सहा महिने राहते, तीही घरच्यांत. बाईने एकटीने, कामासाठी, वर्षानुवर्षं बाहेर राहणं अजून आपल्याकडे विरळाच.

आमच्या गटातल्या एक वहिनी अशा गेल्या होत्या. पेण तालुक्यात, हमरापूरच्या बाजूला त्यांचं घर. गणपतीच्या कारखान्यात त्या रंगकामाला जायच्या. हात इतका स्थिर की हंगामात मालक डोळ्यांची आखणी त्यांच्याकडेच द्यायचा. पुढे नवऱ्याची कंबर कामातून गेली, घर बांधायला काढलेलं कर्ज अंगावर राहिलं, मुलीचं शिक्षण अर्ध्यावर. तेव्हा ओळखीतून मस्कतचं काम आलं. एका गुजराती कुटुंबातल्या म्हाताऱ्या आजींना सांभाळायचं. गुजराती व्यापारी मस्कतमध्ये पिढ्यान्‌पिढ्या आहेत. करार दोन वर्षांचा. वहिनी तेव्हा बेचाळीस वर्षांच्या होत्या आणि मुंबईच्या पलीकडे कधी गेलेल्या नव्हत्या.

जाताना आम्ही त्यांना कालनिर्णय दिलं. म्हटलं, भिंतीला लावा, सणवार कळतील. त्यांनी लावलं, पण सणांसाठी नाही. रोज रात्री आजींना झोपवलं की पेनाने त्या दिवसावर फुली मारायच्या. पहिल्या महिन्यात व्हॉट्सॲपवर त्यांचा आवाज यायचा तो रडवेला. तिकडे दीड तास मागे, म्हणजे आपण निजायला लागलो की त्यांचं काम संपायचं. आम्ही गटाच्या बायका अंथरुणात पडून ऐकायचो आणि म्हणायचो, "वहिनी, दिवस जातात, धीर धरा." त्या म्हणायच्या, "फुल्या मारतेय."

हळूहळू आवाज बदलला. आजींना त्या 'बा' म्हणू लागल्या. बांनी त्यांना खाखरा शिकवला, ह्यांनी बांना वालाचं बिरडं खाऊ घातलं. रुवी भागात आपल्या दुकानांत कडधान्यं, कढीपत्ता, सगळं मिळतं, हे त्यांनीच आम्हांला सांगितलं. शुक्रवारी त्यांना सुट्टी. तिकडे शुक्रवार सुट्टीचा असतो. आणि आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती तेव्हा आम्ही हसण्यावारी नेली. त्यांना स्वतःची खोली होती. लहानशी, एक खाट, एक खिडकी, आणि आतून लावायची कडी. "बायांनो," त्या म्हणाल्या, "जन्मात पहिल्यांदा मी आतून कडी लावून झोपते."

दोन वर्षं सरत आली. शेवटचा महिना उरला. आणि इथे आमची चूक झाली.

वहिनी येणार म्हटल्यावर आम्ही यादी केली. लोबान, कारण ओमानचा लोबान जगात नावाजलेला. अत्तर. खजूर. एकीला जाड ब्लँकेट, एकीला बदाम, कुणाच्या जावयाला घड्याळ, कुणाच्या नातवाला चॉकलेटं. घरच्यांची यादी वेगळी, ती आमच्याहून लांब. आम्ही मोजलं तेव्हा गटाच्या यादीतच सतरा वस्तू होत्या. आम्ही प्रेमानेच लिहिलं होतं, पैसे देणार होतो. पण वहिनींकडे शेवटच्या महिन्यात सुट्टीचे शुक्रवार होते फक्त चार.

पहिला शुक्रवार यादीत गेला. दुसरा शुक्रवारही यादीत गेला, कारण जावयाचं घड्याळ पहिल्या दुकानात मिळालं नाही. दुसऱ्या शुक्रवारी रात्री त्यांचा निरोप आला. तो आम्ही किती वेळा ऐकला असेल! त्या म्हणाल्या, "चार शुक्रवार होते, दोन तुमचे झाले. उरलेले दोन मला ठेवू दे. मी फुल्या मारायच्या बंद केल्यात."

खरं सांगतो, आम्हांला राग आला. बैठकीत चर्चा झाली. एक म्हणाली, नवरा दुखणाईत, पोरगी वाट बघतेय, आणि हिला तिथे राहावंसं वाटतं? दुसरी म्हणाली, परदेशाची हवा लागली. आम्हीही, समन्वयक म्हणवणारे, गप्प बसलो. मग आमच्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या मावशी बोलल्या. त्या सहसा बोलत नाहीत, अंगठा उमटवतात आणि घरी जातात. त्या म्हणाल्या, "माहेराहून निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही काय करत होतात गं? मी विहिरीवर जाऊन बसायची. पाणी नव्हतं भरायचं. नुसती बसायची. म्हणून काय मला सासरी जायचं नव्हतं?"

बैठकीत कुणी काही बोललं नाही. प्रत्येकीला आपापली विहीर आठवली असावी. कुणाचा परसातला आंबा, कुणाची कुंडलिकेच्या काठची पायरी. निघायच्या आदल्या दिवशी माहेर जितकं दिसतं तितकं सबंध मुक्कामात दिसत नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. पण ते माहेराबद्दल. मस्कतबद्दलही तसं वाटू शकतं, हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं. आम्हांला वाटलं होतं, तिथे वहिनी फक्त कमावताहेत. त्या तिथे जगतही होत्या, हे आम्ही विसरलो.

त्या रात्री आम्ही यादी रद्द केली. निरोप पाठवला, "वहिनी, काही आणू नका. तुम्ही या."

तिसऱ्या शुक्रवारी वहिनी मत्राहला गेल्या. मस्कतचं ते जुनं बंदर. एका बाजूला काळे-तांबूस उघडे डोंगर, एका बाजूला समुद्र, मधून कठड्याकठड्याने चालायचा रस्ता. पुढे टेकडीवर धूपदानीच्या आकाराची पांढरी भलीमोठी वास्तू आहे. दोन वर्षं त्यांनी ती गाडीतूनच पाहिली होती. त्या दिवशी त्या संध्याकाळपर्यंत कठड्यावर बसल्या. काहीही विकत घेतलं नाही, एक चहा सोडून. त्यांनी आम्हांला आवाज पाठवला. बोलणं नाही, नुसता आवाज. लाटा, पक्षी, लांबून अजान, मागून कुणाची तरी मुलं. आम्ही तो रोह्याच्या बैठकीत फोन मध्ये ठेवून ऐकला. कुणी म्हटलं, आपल्याकडच्या बंदरासारखंच आहे की. कुणी म्हटलं, नाही, वेगळं आहे.

चौथ्या शुक्रवारी त्या जुन्या मस्कतात राजवाड्याजवळच्या महादेवाच्या दर्शनाला गेल्या. येताना ज्या बसथांब्यावर पहिल्या महिन्यात एकट्या उभ्या राहून रडल्या होत्या, तिथे मुद्दाम उतरल्या. म्हणाल्या, "बघायचं होतं, ती बाई अजून तिथे आहे का. नव्हती." शेवटच्या संध्याकाळी बांनी त्यांना विचारलं, तू घरी काय काम करत होतीस? दोन वर्षांत हे विचारायचं राहूनच गेलं होतं. वहिनींनी कणकेचा छोटा गणपती केला आणि काजळाने त्याचे डोळे आखले. बा बराच वेळ बघत राहिल्या. डोळे आले की मूर्ती आपल्याकडे बघायला लागते, हे पेणच्या माणसाला सांगायला नको.

मैत्रिणींनो, हे ऐकताना आम्हांला आनंदीबाई जोशी आठवल्या. आपण शाळेत शिकलो ते एका ओळीत: पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक, अकाली मृत्यू. आम्ही गटात त्यांच्या तारखा मांडून बघितल्या. १८६५ चा जन्म कल्याणचा. १८८३ साली, अठराव्या वर्षी, नवऱ्याशिवाय, नात्यातलं कुणी बरोबर नसताना बोटीने अमेरिकेला गेल्या. तिथे कार्पेंटर बाईंनी त्यांना पोटच्या मुलीसारखं घरात घेतलं. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकल्या. थंडी, परक्या देशातलं अन्न, ढासळत चाललेली तब्येत, सगळं सोसून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही ठरली. त्याच वर्षाच्या शेवटी त्या आजारी अवस्थेत परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

लोक म्हणतात, शिकून उपयोग काय झाला, परत येऊन काम करताच आलं नाही. आम्हीही असंच म्हणायचो. आता तसं म्हणवत नाही. अमेरिकेतली ती तीन वर्षं म्हणजे परतीच्या आधीची नुसती तयारी नव्हती. ते त्यांचं आयुष्यच होतं, आणि हातात आलेल्या आयुष्याचा मोठा वाटा होता. त्यांच्या अस्थी कार्पेंटर बाईंकडे पाठवल्या गेल्या आणि आजही न्यूयॉर्क राज्यात पकिप्सी इथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत. म्हणजे तिकडच्या माणसांनीही त्यांना आपलं धरलं होतं. "घरी गेल्यावर जगू" असं म्हणत दिवस ढकलले, तर घरी गेल्यावर किती दिवस मिळतील हे कुणाला ठाऊक?

आता थोडं कामाचं बोलतो, कारण नुसत्या भावनेवर गट चालत नाही. शेवटचे दिवस गोड जायचे तर आधीची कामं वेळेत उरकावी लागतात. वहिनींनी ती महिनाभर आधीच केली होती, म्हणूनच त्यांना कठड्यावर निवांत बसता आलं. पगाराची बाकी आणि करारात ठरलेली इतर रक्कम लेखी मांडून घेतली. पासपोर्ट आणि तिकीट स्वतःच्या हातात घेतलं. पैसे अंगावर न आणता बँकेतून पाठवले. डॉक्टरांचे कागद, काम चांगलं केल्याचं पत्र जवळ ठेवलं.

जाणाऱ्या बायकांसाठी दोन गोष्टी. दहावी पास नसाल तर पासपोर्टवर ईसीआरचा शेरा येतो. मग ओमान, कुवेत, सौदी धरून अठरा देशांत कामाला जायला सरकारची परवानगी लागते, आणि अशा पासपोर्टवर तीस वर्षांखालच्या बाईला घरकामासाठी पाठवत नाहीत. दलाल नोंदणीकृत आहे का, हे ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येतं. "पर्यटक म्हणून जा, तिथे काम लावतो" असं कुणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा. तिथे अडचण आली तर भारतीय दूतावास आहे, तक्रारीसाठी सरकारचं 'मदद' संकेतस्थळ आहे. हे नंबर जायच्या आधी घरी भिंतीवर लिहून ठेवा.

आणि मागे राहणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. यादी पाठवू नका. पाठवायचीच असेल तर पहिल्या वर्षी पाठवा, शेवटच्या महिन्यात नको. फोनवर "कधी येणार" याबरोबर "आज काय पाहिलंस" हेही विचारा. येणाऱ्या बाईला जरासं जड वाटत असेल तर तिचं घरावरचं प्रेम आटलं असं समजू नका. दोन ठिकाणी जीव लावणारी बाई काही दोनदा फितूर होत नाही.

वहिनी रात्रीच्या विमानाने आल्या. आम्ही पाच जणी विमानतळावर गेलो होतो. बॅग हलकी होती. मुलीसाठी एक ड्रेस, नवऱ्यासाठी कमरेचा पट्टा, आणि आम्हां सर्वांना मिळून लोबानची एक पुडी. ती बांनी दिली होती, यादीतली नव्हती. पुलावरून येताना उजाडलं, खाडी दिसली, मिठागरं दिसली. वहिनी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. आम्ही काही विचारलं नाही. एवढं तरी आम्ही शिकलो होतो.

पुढच्या बैठकीत त्यांनी पासबुक मधोमध ठेवलं. घराचं कर्ज फिटलं होतं. मुलगी पुन्हा नर्सिंगला जाऊ लागली होती. टाळ्या झाल्या. मग त्या म्हणाल्या, "माझी एक मागणी आहे. आपली बैठक शुक्रवारी असते, ती गुरुवारी करा." कारण सगळ्यांना कळलं, कुणी विचारलं नाही. ठराव एकमताने झाला, वहीत लिहिला, सह्या झाल्या. मावशींनी अंगठा उमटवला.

शुक्रवारी दुपारी दोन तास वहिनी आता कुणालाच सापडत नाहीत. सुरुवातीला घरात कुरबुर झाली, अजूनही कधी कधी होते. हंगामात कारखान्यात काम असलं की तो शुक्रवार बुडतो. आमच्यातल्या इतरांना अजून असा शुक्रवार काढता आलेला नाही, हेही सांगून टाकतो. एकीने सुरुवात केली आहे. ती धावीर महाराजांच्या देवळात जाऊन बसते, घरी सांगते प्रदक्षिणा लांबल्या.

मस्कतच्या खोलीतलं कालनिर्णय वहिनींनी बरोबर आणलं आहे. शेवटच्या महिन्याच्या पानावर पहिले बारा दिवस फुल्या आहेत. पुढचे दिवस कोरे आहेत. ते पान त्यांनी गटाच्या वहीत लावायला दिलं. आम्ही लावलं आहे. पेणला आलात तर दाखवू.