छातीतली खळखळ



आश्रमशाळेत डॉक्टर मुले तपासायला येतात. छातीला नळी लावतात. कधी म्हणतात, "याच्या हृदयात आवाज येतो." आईबाप घाबरतात. कोणी बडव्याकडे धावतो. हा आवाज असतो तरी कसला? आम्ही मास्तर माणसे, डॉक्टर नव्हे. पण ओढा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्यावरूनच सांगतो.

धडगावच्या डोंगरात ओढे पुष्कळ. खोल डोहात पाणी गप्प असते. तेच पाणी दोन खडकांमधून निघाले की खळखळते. पाऊस होऊन धार जोरात आली, तरी खळखळते. रक्ताचेही तसेच आहे.

हृदय मुठीएवढे असते. त्यात चार कप्पे आणि झडपा असतात. झडपा मिटताना 'लब्-डब्' आवाज होतो. तो सर्वांचाच होतो. एरवी रक्त निमूट वाहते. त्यात भोवरे उठले, की 'सूं सूं' असा जादा आवाज येतो. डॉक्टर त्याला मरमर म्हणतात.

भोवरे का उठतात? झडप अरुंद होते, किंवा नीट मिटत नाही. मग रक्त मागे गळते. काही मुलांच्या हृदयाच्या पडद्याला जन्मापासून छिद्र असते. कधी झडपा चांगल्या असतात, पण अंगात रक्त कमी असते. रक्त पातळ होते. हृदय ते जास्त वेगाने ढकलते. मग खळखळ होणारच!

आपल्याकडे भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल आजार आढळतो. तो आईबापांकडून मुलांत येतो. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, लवकर फुटतात. रक्त कमी होते. अशा मुलांच्या छातीतही मरमर ऐकू येते. १ जुलै २०२३ रोजी या आजाराविरुद्ध देशभर अभियान सुरू झाले. सरकारी दवाखान्यात रक्ताची तपासणी फुकट होते.

निरोगी मुलाच्या छातीतही कधी आवाज येतो. तापात तो वाढतो. त्याने अपाय होत नाही. पण कोणता आवाज साधा आणि कोणता आजाराचा, हे घरी बसून कळत नाही. रक्त तपासावे लागते. कधी मोठ्या दवाखान्यात हृदयाचा इको काढावा लागतो.

तेव्हा डॉक्टरांनी आवाज सांगितला, तर तपासणी लगेच करा. "आता ऊसतोडीला गुजरातेत जाऊ, होळीला परत आल्यावर पाहू," असे म्हणू नका. मुलाला दम लागत असेल, ओठ निळे पडत असतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बडव्याला मान द्या, पण मूल आधी डॉक्टरला दाखवा.