तंजावर, १८५५ : एका वर्षात गेलेले आणि उरलेले
(मंडळाच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



मंडळाच्या पन्नास वर्षांचा आढावा या अंकात अन्यत्र आलेलाच आहे. आम्ही आपणांसमोर एकाच वर्षाची हकीकत मांडू इच्छितो. स्थळ कावेरीकाठचे तंजावर. काळ १८५५ च्या ऑक्टोबरपासून १८५६ च्या ऑक्टोबरपर्यंतचा. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाने हे वर्ष विसरू नये, असे आम्हांस वाटते.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थापिलेली ही गादी सुमारे पावणेदोनशे वर्षे टिकली. तथापि राज्य खऱ्या अर्थाने आधीच गेले होते. १७९९ च्या तहान्वये सरफोजीराजांनी मुलखाचा कारभार कंपनी सरकारच्या स्वाधीन केला. त्यांच्याकडे उरला तो तंजावरचा किल्ला, वार्षिक एक लाख होनांची नेमणूक आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. सरफोजी १८३२ मध्ये निवर्तले व त्यांचे पुत्र शिवाजीराजे गादीवर आले.

२९ ऑक्टोबर १८५५ रोजी शिवाजीराजांचे निधन झाले. मागे राण्या होत्या, कन्या होत्या. औरस पुत्र नव्हता. रेसिडेंट फोर्ब्स यांनी कन्येच्या वारसाहक्काची शिफारस केली, पण ती मान्य झाली नाही. डलहौसीसाहेबांच्या अमदानीत सातारा, नागपूर आणि झांशी या गाद्या वारसाच्याच प्रश्नावर खालसा झाल्या होत्या; तंजावरची गत निराळी होणार नव्हती. विशेष हे की, सरफोजी स्वतः दत्तक होते आणि त्यांचा दत्तकहक्क मान्य करून १७९८ मध्ये याच कंपनी सरकारने त्यांना गादीवर बसविले होते. सोयीचा होता तोवर दत्तक चालला. आता पोटची कन्याही चालेना.

१८५६ साली राजपद संपुष्टात आल्याचे ठरले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात फोर्ब्ससाहेब फौज घेऊन राजवाड्यात आले. मोहरा लागल्या, पहारे बसले. राज्याच्या मालमत्तेबरोबर राजाची खासगी चीजवस्तही जप्त झाली.

पुढे जे घडले ते आम्हांस फार मोलाचे वाटते. थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेबांनी तलवार उचलली नाही, की नशिबाला बोल लावून त्या स्वस्थही बसल्या नाहीत. मद्रासच्या सुप्रीम कोर्टात त्यांनी कंपनीवर दावा लावला आणि तो जिंकला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये हा निकाल फिरविला. जप्ती हे सार्वभौम सत्तेचे राजकीय कृत्य असल्याने ते न्याय्य की अन्याय्य हे पाहण्याचा अधिकार न्यायालयास नाही, असे ठरले. तरीही दाद मागणे अगदीच वाया गेले नाही. १८६२ मध्ये सरकारने उरलेली खासगी मालमत्ता राण्यांना परत दिली.

गादी गेली. मग राहिले काय? सरफोजीराजांनी तंजावरात देवनागरी छापखाना चालविला होता; इसापनीतीचे मराठी भाषांतर तेथे १८०६ मध्ये छापले गेले. पुण्यात पेशवाई नांदत होती, त्या काळची ही गोष्ट! बृहदीश्वराच्या मंदिरात त्यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. तो आजही वाचता येतो. काशीयात्रेहून परतताना त्यांनी पोथ्या आणल्या. सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी ग्रंथ एकत्र नांदले. गादीनंतरही हा संग्रह टिकला. न्यायाधीश बर्नेल यांनी त्यातील संस्कृत हस्तलिखितांची सूची केली आणि १९१८ मध्ये तो सार्वजनिक ग्रंथालय झाला. मराठी पोथ्या आणि मोडी कागद पाहण्यासाठी अभ्यासक तेथे जातात.

गादीला एकच वारस लागतो, आणि तो कोण हे सत्ताधारी ठरवितो. पोथीला कोणीही वारस होऊ शकतो. अट इतकीच की, ती त्याला वाचता आली पाहिजे. ही अट आपल्या घरांपुरती आपण पाळतो काय, हा प्रश्न सुवर्ण महोत्सवाच्या उत्सवातही आम्हांस सोडीत नाही. घरी मराठी बोलणाऱ्या, परंतु आजीचे पत्र वाचू न शकणाऱ्या मुलांची संख्या आपल्यात वाढत आहे.

म्हणून आमची मंडळास दोन विनंत्या आहेत. मंडळाची जुनी इतिवृत्ते, हिशेबाच्या वह्या, नाटकांच्या जाहिराती व छायाचित्रे एका कपाटात नीट लावून त्यांची सूची करावी. आणि मुलांसाठी मराठी वाचनाचा वर्ग, दोनच मुले आली तरी, दर रविवारी भरवावा. सरफोजींची साधने आपल्यापाशी नाहीत. पण कपाट आहे, रविवार आहे. तेवढ्यावर आरंभ करता येईल.